दोन खणांची मालकीण

२०२३ च्या दिवाळीच्या सुमारास करमाळ्याहून फोन आला. 'साहेब, मोडी वाचणारं कुणी ओळखीचं आहे का?' फोन करणारा आमच्या गावातल्या थोरल्या वाड्याचा वारस. बाकीचे वारस पुण्यात, ठाण्यात, एकजण तर सातासमुद्रापलीकडे. हा एकटाच गावात राहिलेला. स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवतो आणि सकाळ-संध्याकाळ वाड्यात जाऊन कुलूप ओढून बघतो. मी बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, चार कादंबऱ्याही लिहून झाल्या, पण गावाच्या लेखी मी अजून 'साहेब'च आहे. कादंबऱ्यांचं गावाने मनावर घेतलेलं नाही.

मोडी वाचणाऱ्याची गरज त्या दिवसांत सगळ्या महाराष्ट्राला लागली होती. मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती सप्टेंबर २०२३ मध्ये नेमली गेली. आधी मराठवाड्यापुरतं असलेलं तिचं काम पुढे राज्यभर पसरलं. तहसील कचेऱ्यांतले रुमाल सुटले, शाळांची जनरल रजिस्टरं उघडली गेली. लोक आपापल्या पणजोबाच्या नावापुढे काय लिहिलंय ते शोधत हिंडू लागले. एरवी ज्यांना कुणी चहाला विचारत नव्हतं त्या मोडी वाचकांच्या दारात गाड्या थांबू लागल्या. आरक्षणाच्या प्रश्नावर मी इथे मत देणार नाही, त्यासाठी दुसरी पानं भरलेली असतात. मला महत्त्वाची वाटते ती वेगळी गोष्ट. शंभर वर्षं ज्या कागदांना वाळवी खात होती, ते कागद सामान्य माणसाला अचानक आपले वाटू लागले. इतिहासाच्या प्राध्यापकांना जे जमलं नाही ते एका दाखल्याने करून दाखवलं.

थोरल्या वाड्यात कागद होते, कारण तो कुलकर्ण्यांचा वाडा. कुलकर्णी वतन १ मे १९५१ पासून कायद्याने संपलं. दप्तर सरकारजमा व्हायचं होतं. पुष्कळसं झालं, काही राहून गेलं. आमच्याकडे माजघराच्या बळदात दोन लोखंडी ट्रंका आणि लाल रुमालांत बांधलेले गठ्ठे राहिले. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या कित्येक वाड्यांचं असं काहीच उरलं नाही; १९४८ सालच्या जाळपोळीत घरांबरोबर दप्तरंही गेली. इथे ते राहिलं ते कुणाच्या शहाणपणामुळे नव्हे. बळदाचं तोंड कुणीतरी जुन्या फळ्या ठोकून बंद केलं होतं आणि पुढे त्याच्यासमोर कपाट आलं.

आता आजूबाजूच्या गावचे लोक येऊन म्हणत होते, 'काका, तुमच्या आजोबांच्या वहीत आमच्या खापरपणज्याचं नाव असंल, एवढं बघा की.' म्हणून मोडी वाचणाऱ्याचा शोध. ज्या वाड्याच्या देवडीवर त्यांच्या आज्या-पणज्याला तासन्‌तास बसवून ठेवत, तिथे त्यांची पोरं मोटारसायकलवरून येत होती आणि वाड्याचा वारस त्यांना खुर्च्या देत होता.

बाहेरच्या वाचकासाठी दोन शब्द गावाविषयी. करमाळा हा सोलापूर जिल्ह्याचा उत्तरेकडचा तालुका. पूर्वेला सीना, पश्चिमेला भीमा म्हणजे आता उजनीचं पाणी. गाव ओळखलं जातं ते कमलाभवानीच्या देवळामुळे आणि शहाण्णव पायऱ्यांच्या बारवेमुळे. देऊळ बांधलं रावरंभा निंबाळकरांनी, अठराव्या शतकात. हे रंभाजी निंबाळकर निजामाच्या बाजूचे सरदार. त्यांची जहागीर होती पुण्याच्या आसपास. १७२७ च्या सुमारास निजाम आणि मराठे यांच्या देवघेवीत ती पुण्याची जागा सोडून त्यांना करमाळ्याकडचा मुलूख मिळाला. म्हणजे आमच्या गावाचं वैभव हे एका बदलीच्या ऑर्डरीतून आलेलं आहे. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला यात विशेष काही वाटत नाही. बदली झाली की नव्या जागी माणूस आधी देऊळ शोधतो, यांनी बांधलं. भुईकोट किल्ला रावरंभांनी सुरू केला आणि मुलाने, जानोजीने पुरा केला. १८८४ च्या गॅझेटिअरमध्ये त्या किल्ल्याच्या आत शंभरेक घरं असल्याचं म्हटलं आहे.

त्यामुळे आमच्याकडे कुठलाही जुना कागद सापडला की पहिला प्रश्न येतो, 'रावरंभाचं काही आहे का?' दुसरा प्रश्न भुयाराचा. महाराष्ट्रातल्या प्रत्येक वाड्यातून किल्ल्यापर्यंत भुयार जातंच, आणि ते पाहिलेला माणूस नेहमी मागच्याच वर्षी वारलेला असतो. थोरल्या वाड्यात रावरंभाचं काही सापडलं नाही. भुयार म्हणून दाखवत ते धान्याचं पेव निघालं.

मला त्या वाड्यात फार जाववत नव्हतं. त्याचं कारण आधी सांगतो.

मी त्या वाड्यात वाढलो, पण मालकाच्या बाजूला नव्हे. वडील प्राथमिक शिक्षक. देवडीतून आत आलं की डाव्या हाताला दोन खणांची जागा होती, ती आमच्याकडे महिना अकरा रुपये भाड्याने. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. आमच्याकडे घर चौरस फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन खणांत आम्ही सहा माणसं. वर माळवद: सागाच्या तुळया, त्यावर कड्या, कड्यांवर फळ्या, त्यावर लिंबाचा पाला, चिखल आणि सगळ्यात वर हातभर पांढरी माती. उन्हाळ्यात आत गारवा, थंडीत ऊब. साण्यातून उन्हाचा एक कवडसा यायचा आणि दिवसभर भिंतीवरून सरकत जायचा. वडील घड्याळाऐवजी तो बघून शाळेला निघत. चौकात आड होता. १९७२ च्या दुष्काळात त्याचा तळ दिसला तेव्हा मालकांनी त्याला झाकण घालून कुलूप लावलं होतं, हे मी विसरलेलो नाही. सकाळी एकदा कुलूप निघायचं, बिऱ्हाडामागे दोन घागरी.

वाड्यात सहा-सात बिऱ्हाडं होती. अत्तरं आणि सुरमा विकणारे एक चाचा, कोर्टातले बेलिफ, एक शिंपी, नर्सबाई. पहिल्या तारखेला सगळी बिऱ्हाडं ओसरीवर जाऊन थोरल्या मालकांच्या हातात भाडं देत. आम्ही मात्र देत नसू. आमची आई अकरा रुपये पदराखाली घेऊन माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत जायची आणि माईंना द्यायची.

माई म्हणजे मालकांची चुलती. लाल आलवण, डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं. बालपणी विधवा झालेल्या नव्हेत, पंचविशीत झालेल्या. जेवायच्या एकदा, ओसरीवर कधी यायच्या नाहीत, लग्नकार्यात दिसायच्या नाहीत. आमचं भाडं त्या पत्र्याच्या डब्यात ठेवत आणि दर दोन-तीन महिन्यांनी मला हाक मारत, 'बाळ, फारम लिहितोस का रे?' पोस्टाचा मनीऑर्डरचा फॉर्म. बार्शीला मुलीला पाठवायचे पंधरा-वीस रुपये. मी तिसरी-चौथीत होतो. अक्षर चांगलं म्हणून हे काम माझ्याकडे. पुढे जन्मभर पैशांचे फॉर्म भरण्यात गेला. त्याची सुरुवात माईंच्या खोलीत झाली. आमचं भाडं आम्ही वेगळ्या माणसाला का देतो, हे मला तेव्हा कधी विचारावंसं वाटलं नाही. पोरं असलं काही विचारत नाहीत. मोठेपणीही विचारलं नाही, याची मात्र आता लाज वाटते.

मोडी वाचणारे गृहस्थ मी पुण्याहून घेऊन गेलो. सत्तरीचे, पेशवे दप्तरात आयुष्य घालवलेले. त्यांनी आठ दिवस वाड्याच्या ओसरीवर सतरंजी टाकून गठ्ठे वाचले. गावच्या लोकांना ज्या नोंदी हव्या होत्या त्यांतल्या काही मिळाल्या, काही नाही. जे राहिलं त्याकडे कुणी बघेना. ते मी बघत बसलो.

राहिलेलं म्हणजे काय? भाडेवह्या. धान्याचे हिशेब. माळवदावर माती टाकायला आलेल्या माणसांची मजुरी. कुणाच्या बाळंतपणाला किती तूप लागलं. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की या वाड्याचा इतिहास म्हणून आम्ही जो ऐकत आलो होतो, तो एका घराण्याच्या पाच-सहा पुरुषांचा होता. वह्यांमधून मात्र शे-दीडशे माणसं त्या उंबऱ्यातून ये-जा करत होती. पखालीने पाणी आणणारा होता. दरवर्षी पावसाआधी पांढरी माती गाढवांवरून आणणारा होता, आणि त्याचा मुलगा, आणि त्याचा नातू. देवडीच्या आत ज्यांना पाऊल टाकायची मुभा नव्हती अशांची नावं 'बाहेरून दिले' अशा शेऱ्यानिशी होती. आमच्या आधी त्या दोन खणांत राहून गेलेली आठ बिऱ्हाडं सापडली. आणि त्या आठांच्या भाड्याची नोंद मालकाच्या खात्यात नव्हतीच.

मग ती यादी निघाली. यादी म्हणजे लेख, करार. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातली, स्टँपाच्या कागदावर, मोडीत. माईंचे यजमान वारल्यावर दोन दिरांनी लिहून दिलेली. अन्नवस्त्राबद्दल देवडीच्या डाव्या हाताचे दोन खण माईंकडे. त्यांनी भाड्याने द्यावे, भाडं आपण घ्यावं, हयात असेपर्यंत उपभोग घ्यावा. खाली दिरांच्या सह्या, माईंचा अंगठा. त्या कागदात माईंचं स्वतःचं नाव एकदा आलं आहे, बाकी सगळीकडे 'गंगाभागीरथी' आणि कोणाची कोण. साठ वर्षांनी मला त्यांचं नाव कळलं. ते मी इथे देत नाही. त्यांच्या नातीने तशी विनंती केली आहे.

मोडी वाचणारे गृहस्थ पुढचा कागद उचलणार, एवढ्यात मी त्यांचा हात धरला. बँकेत गहाणखतं तपासून तपासून डोळ्याला एक सवय लागते.

कायदा थोडक्यात असा. एकत्र कुटुंबातल्या हिंदू विधवेला पूर्वी इस्टेटीत वाटा नव्हता, पोटापाण्याचा हक्क होता. १९३७ च्या कायद्याने थोडा वाटा मिळाला, तोही हयातीपुरता. १९५६ साली हिंदू वारसा कायदा आला आणि त्याच्या चौदाव्या कलमाने असं केलं की स्त्रीच्या ताब्यात जी मिळकत आहे, पोटगीपोटी मिळालेली असली तरी, तिची ती पूर्ण मालक. कागदात 'हयात असेपर्यंत' लिहिलं असेल तर काय, यावर भांडणं होत राहिली. १९७७ मध्ये तुलसम्मा नावाच्या आंध्रातल्या एका विधवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोटगीचा हक्क हा आधीपासूनचा हक्क आहे, त्यापोटी दिलेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची होते, करारात बंधन घातलेलं असलं तरीही. माई १९५६ ला हयात होत्या. दोन खण त्यांच्याकडे होते. भाडं त्या घेत होत्या. त्याला साक्षीदार मी. म्हणजे आलवणातल्या त्या बाई, ज्यांना ओसरीवर यायची चोरी होती, मरेपर्यंत त्या वाड्याच्या दोन खणांच्या मालकीण होत्या आणि ते त्यांना ठाऊक नव्हतं. दिरांनाही ठाऊक नव्हतं. किंवा असेल.

माई १९८० च्या आसपास गेल्या. मृत्युपत्र नाही. मग त्यांच्या मागे पहिली वारस कोण? बार्शीची मुलगी. सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर मात्र फक्त दिरांच्या मुलांची नावं चढली आहेत. आता ज्या बारा वारसांच्या सह्या विक्रीच्या करारावर होणार होत्या, त्यांत बार्शीकडचं कुणी नव्हतं.

हो, विक्री ठरत आली होती. खाली गाळे, वर फ्लॅट. यात वाईट काय आहे? गावातल्या वारसाने मला सरळ विचारलं, 'साहेब, तुम्ही पुण्यात फ्लॅटमध्ये राहणार आणि आम्ही इथे साप-विंचवांत राहून संस्कृती टिकवायची?' मला उत्तर सुचलं नाही. वाड्याच्या दुरुस्तीचा खर्च त्याच्या दुकानाच्या दहा वर्षांच्या मिळकतीत भागत नाही. पांढरी माती आणणारी गाढवं गेली, माळवद धोपटणारे हात गेले. मुंबईत वारसा इमारतींची नियमावली १९९५ पासून आहे. पुण्यासारख्या शहरांत याद्या आहेत. तालुक्याच्या गावातल्या खासगी वाड्याला काय आहे? राज्य संरक्षित स्मारक व्हावं इतका तो मोठा नाही. झाला तरी वारसांना धडकी भरेल, कारण संरक्षित म्हणजे आपल्याला खिळा ठोकायची बंदी, एवढाच अर्थ लोकांना माहीत आहे. नगरपालिकेकडून धोकादायक इमारतीची नोटीस मात्र वेळेवर येते.

शिवाय दारावर दुसरंच गिऱ्हाईक येऊन गेलेलं असतं. कोरीव खांब, गणेशपट्टी, दिंडी दरवाजा विकत घेणारे लोक तालुक्या-तालुक्यांत फिरतात. माल महामार्गावरच्या हॉटेलांत आणि फार्महाउसांत जातो. तिथे वाड्याचा दरवाजा भिंतीला टेकवून उभा असतो, मागे वाडा नसतो.

माझ्या स्वतःच्या खात्यावरची एक नोंद इथे करायला हवी. १९९० च्या दशकात मी दुसऱ्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. एका वाड्याच्या जागी व्यापारी संकुल उभारायचं कर्ज मी मंजूर केलं. प्रकरण स्वच्छ, तारण भक्कम. मूल्यांकनाच्या रकान्यात मी लिहिलं: जमिनीचं मूल्य इतकं, इमारतीचं मूल्य निरंक. ती इमारत दोनशे वर्षं उभी होती. तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलांनी दिला होता. बँकेला तीस वर्षांपलीकडचं काही लागत नाही. महिन्याभराने बाजारात हातगाडीवर शेंगदाणे घेतले, पुडी सोडली तर आत मोडी. दुसऱ्या दिवशी मी रद्दीवाल्याकडे गेलो. गठ्ठे त्याच वाड्यातले होते आणि बहुतेक संपले होते. त्या पुडीत कोणाचे दोन खण होते ते आता कुणालाही कळायचं नाही. कर्ज वेळेआधी फिटलं. मला त्या वर्षी शाबासकीचं पत्र आलं होतं.

माणसांना घरं जपावीशी का वाटतात, हे बघायला गेलं तर एक गंमत दिसते. पुण्यातला भिडेवाडा घ्या. तात्यासाहेब भिड्यांनी जागा दिली हा त्यांचा मोठेपणा आहेच, पण महाराष्ट्र त्या वाड्याचं नाव घेतो ते १८४८ साली तिथे जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भरवलेल्या मुलींच्या शाळेसाठी. मालक, भाडेकरू, महापालिका यांचं कोर्टात वर्षानुवर्षं चाललं. शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर २०२३ मध्ये, नेमके आम्ही करमाळ्यात गठ्ठे सोडत होतो त्याच दिवसांत, तो वाडा एका रात्रीत जमीनदोस्त झाला. जागा मोकळी झाली ती राष्ट्रीय स्मारकासाठी. जिथे शाळा भरली त्या भिंती मात्र गेल्या. इतकी मोडकळीला आलेली इमारत वाचली असती का, यावर तज्ज्ञांनी बोलावं. मला एवढंच दिसतं की आपण भांडत बसलो तेवढ्या वर्षांत पाऊस थांबला नव्हता.

लंडनमधलं १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं, कारण १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर तिथे राहिले. तेही तिथे मालक नव्हते, शिकायला आलेले बिऱ्हाडकरू होते. तिथल्या स्थानिक कौन्सिलने त्या निवासी घराचं संग्रहालय करायला हरकत घेतली. परवानगी मिळायला मार्च २०२० उजाडला. त्या रस्त्यावर मालकी हक्काने राहिलेले कितीतरी सुखवस्तू इंग्रज होऊन गेले असतील. त्यांची चौकशी करायला कुणी जात नाही.

आमच्या सोलापुरात डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचं घर महापालिकेने दुरुस्त करून २०१२ पासून स्मारक म्हणून खुलं केलं आहे. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा मुलगा १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला. वडील वारल्याची बातमी त्याला तिकडे कळली आणि तो परतला नाही. डिसेंबर १९४२ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी तिकडेच गेला. व्ही. शांतारामांनी त्याच्यावर १९४६ साली चित्रपट काढला. त्या घरात मी दोनदा गेलो आहे. दोन्ही वेळा मला वाटलं, चीनमधल्या डॉक्टरांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ज्या घराने त्यांना पाठवलं, त्या घरात मागे राहिलेल्या आईने पुढची वर्षं कशी काढली, हे कुणी सांगितलं तर मी तिसऱ्यांदा जाईन.

आणि आमच्या तालुक्यात तर एक वाडा असा आहे की तो जपायचा प्रश्नच नाही. तो पाण्यात आहे. उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं. ११७ टीएमसीच्या त्या पाण्याखाली भीमाकाठची गावं गेली. कुगावचा इनामदारांचा वाडा त्यातलाच. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास उतरलं, तेव्हा वाडा उघडा पडला आणि लोक फोटो काढायला जाऊ लागले. मीही जेऊरवरून चिखलठाणमार्गे गेलो. चाळीस वर्षं पाण्यात राहून दगडी बांधकाम उभं होतं. आमच्या थोरल्या वाड्याच्या मागच्या भिंतीला वीस वर्षांपूर्वी कुणीतरी हौसेने सिमेंटचा गिलावा केला आहे, ती भिंत आतून कुजली. मातीच्या भिंतीला श्वास लागतो. सिमेंटने तिचं नाक बंद होतं आणि ओल आत राहते. इनामदारांचा वाडा पाण्याने राखला आणि आमचा सिमेंटने मारला, असा हिशेब आहे.

त्याच उन्हाळ्यात, २१ मे २०२४ ला, कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. गावं उठली, पलीकडच्या तीरावरची नाती राहिली. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा, म्हणून लोक बोटीने जातात. बुडालेल्या वाड्याचे फोटो पुष्कळ निघाले. धरणात उठलेल्या गावांमधली घरं खणाखणाने कोणाकोणाची होती, भरपाईच्या यादीत कोणाचं नाव लागलं आणि कोणती माई राहून गेली, हे विचारायला हवं होतं. ज्यांना विचारायचं ती माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. जी आहेत त्यांच्याकडे या उन्हाळ्यात कुणी तरुण मुलगा मोबाइल घेऊन जाईल तर पुढच्या उन्हाळ्यात जाण्यापेक्षा बरं.

खेडोपाडी आता ड्रोनने गावठाणं मोजली जात आहेत. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत प्रत्येक घराला मिळकत पत्रिका मिळते. चांगली गोष्ट आहे, तिच्यावर कर्ज मिळतं. पण ड्रोनला वरून माळवद दिसतं, खाली कोण राहतं ते दिसत नाही. पत्रिकेवर जो पुरुष आज ओसरीवर बसलेला आहे त्याचं नाव चढणार. एकदा चढलं की पुढच्या बँक अधिकाऱ्याला तीस वर्षांपलीकडे बघायचं कारण राहणार नाही.

आता थोरल्या वाड्याचं काय झालं ते.

ती यादी सापडली त्या रात्री मी गप्प बसू शकलो असतो. मोडी वाचणारे गृहस्थ अबोल होते, वारसाला मोडी येत नव्हतं. मी त्याला सकाळी सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. 'साहेब, तुम्हाला मी पाहुणा म्हणून बोलावलं की वादी म्हणून?' पुण्याच्या वारसांनी तर फोनवर मला चार शब्द सुनावले. वकिलांचं म्हणणं पडलं की मुदतीचे, ताब्याचे मुद्दे निघतील, चाळीस वर्षं झाली आहेत, कोर्टात काय टिकेल सांगता येत नाही. पण माहीत असून सही केली तर घेणारा पुढे अडचण करील. विसार द्यायला आलेला बिल्डर परत गेला.

माईंची मुलगी केव्हाच वारली होती. नात लातूरला सापडली, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका. मी तिला फोन केला तेव्हा आधी तिला वाटलं काहीतरी फसवाफसवी आहे. ओटीपी विचारणार, असं ती म्हणाली. मग मी बार्शीच्या घराचा पत्ता सांगितला. लहानपणी इतक्यांदा लिहिल्यामुळे तो मला अजून तोंडपाठ आहे. ती बराच वेळ बोलली नाही.

ती आली. देवडीतून आत येऊन डाव्या हाताच्या दोन खणांत उभी राहिली. तुळईला हात लावून बघितला. आईला माहेरचं आलेलं काही असेल तर ते या मनीऑर्डरचे पैसे, त्यातून शाळेची फी जायची, असं तिने सांगितलं. हक्कसोडपत्रावर सही करायला ती तयार होती. पैसे नकोत म्हणाली. गावातल्या वारसाची बायको, जी इतका वेळ चहाच्या कपांशी होती, ती तेव्हा पहिल्यांदा बोलली. 'आत्या, लगेच सही नका करू. आधी माईंचं नाव उताऱ्यावर लागू द्या. मग काय सोडायचं ते सोडा.' नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. ती आत निघून गेली.

तसा अर्ज झाला आहे. इतर वारसांपैकी चौघांची हरकत आहे, तिघांनी उत्तर दिलेलं नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला. तालुक्यात पूर्वेकडच्या गावांमध्ये मातीची घरं बसली. वाडा गावात, पुरापासून दूर, पण संततधारेने मागची सिमेंटची भिंत आडवी झाली. बळदाच्या बाजूला ओल उतरली. कागद त्याआधी वर्षभर झेरॉक्सच्या दुकानात हलवलेले होते. त्याने सगळ्या भाडेवह्यांचे पान न्‌ पान फोटो काढून ठेवले आहेत, दुकानातच, गिऱ्हाईक नसताना. आता अत्तरवाल्या चाचांचे नातू सोलापुरातून विचारायला आले होते. पांढरी माती आणणाऱ्याच्या घरातलाही एकजण येऊन गेला. त्याला आजोबांची मजुरी किती होती ते बघायचं होतं.

दोन खणांवरचं माळवद यंदा पावसाआधी नीट करायचं ठरलं आहे. खर्च लातूरची नात आणि मी मिळून करतो आहोत. माती मिळाली आहे. धोपटायचं कसं ते माहीत असलेला एक म्हातारा पोथऱ्याकडे आहे असं कळलं, त्याला आणायला मी रविवारी जातोय.